तांदळाच्या ड्रममधल्या पाटल्या

१७ मार्च २०१५. दुपारी मी दुकानात बसून, ग्राहकांचे कॅमेरे चालू आहेत का, ते मोबाइलवर एकेक करून पाहत होते. तेव्हा जे दिसलं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

गोंदियात माझी सुरक्षा एजन्सी आहे. आधी चौकीदार पुरवायचे, मग घरोघरी इंटरनेटवरचे कॅमेरे बसवू लागले. लोक पासवर्ड विसरायचे. "दीदी, आप ही रखो ना." मी ठेवायचे. परवान्याच्या अटींत ते बसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि परवान्याचं नूतनीकरण अडलेलं — दुसऱ्याच दिवशी पोलीस कचेरीत बोलावणं होतं.

तर — एका राइस मिलवाल्याच्या घरात, कोठीच्या खोलीत, त्याच्या म्हाताऱ्या आईने रुमालात बांधलेल्या पाटल्या तांदळाच्या ड्रममध्ये खोल खुपसल्या. आपल्याकडे बाया ठेवतात तशा. मी हसले आणि पुढचं घर पाहिलं.

संध्याकाळी तिथूनच फोन. पाटल्या सापडत नाहीत. म्हातारीला काही आठवेना — तिला हल्ली जेवल्याचंही आठवत नसे. संशय कुणावर? कामवाल्या सुमनवर.

मी गेले. सुमन कोठीच्या दारात उभी. रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "बाई, तुमच्या कॅमेऱ्यात पाहा नं. मी कायले घेईन?"

घरची सून म्हणाली, "हाँ दीदी, दोपहर का दिखाओ."

"यात मागचं दिसत नाही," मी म्हटलं. "चालू असतं तेवढंच दिसतं."

हे खरं होतं. रेकॉर्डिंगची मशीन त्यांनी घेतलीच नव्हती. खरं होतं, म्हणून तर सहज बोलले. पण ड्रम माझ्यासमोर होता — 'एकदा तांदळातही पाहा', एवढं म्हणायला काय लागत होतं? आणि कुणी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी मोबाइल पर्समध्ये टाकला. सुमन माझ्याकडेच पाहत होती. तिला वाटत होतं, मी काहीतरी करीन.

तिला त्याच वेळी काढलं. 'चोट्टी' म्हणून — शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात. त्या शेजारच्या घरांतही तीच भांडी घासायची.

पाटल्या पुढे सापडल्याच असतील. ड्रम कधीतरी रिकामा होतो. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस कचेरीत साहेबांनी विचारलं, ग्राहकाच्या घरातलं तुम्हाला दिसतं का? नाही, म्हटलं. तसं लिहून दिलं, सही केली, आणि रोजच्या वेळेला दुकान उघडलं.