मार्चमधला लाल आकडा

"काका, हा आकडा लाल झालाय. रिजेक्ट करू?" निखिलने विचारलं.

दुपारचे तीन वाजले होते. खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या काचेबाहेर लख्ख ऊन. निखिल माझा टीम लीड, वयाने माझ्या मुलाएवढा. मी सरकारी वेधशाळेतून रिटायर होऊन या कंपनीत आलेला. अनुभव आहे म्हणून घेतलं होतं.

आमचं काम सोपं आहे. शेताशेतांत पाऊस मोजायची यंत्रं बसवलेली आहेत. शेतकरी त्याला डबा म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. त्या महिन्यात पूर्वी कधीच पडला नाही एवढा पाऊस डब्याने दाखवला, की सॉफ्टवेअर आकडा लाल करतं. लाल म्हणजे संशयित. आम्ही ओके केलं तर ढग ज्या दिशेने सरकतायत तिकडच्या पुढच्या गावांना इशाऱ्याचा मेसेज जातो. रिजेक्ट केलं तर काहीच जात नाही.

रिजेक्ट करण्याआधी, डबा ज्याच्या शेतात आहे त्याला फोन करायचा असा नियम. हा डबा शोभाताईंच्या शेतातला. मी फोन लावला.

"अहो काका, मी लग्नाला आळंदीत हाय. हितं तर कडक ऊन हाय."

"डब्याला कोणी हात लावलाय का?"

"गड्याला सांगितलंय आज धुवायला. तुमीच म्हनला व्हता ना, म्हयन्याला धुवा म्हनून."

धुताना पाणी ओतलं की यंत्र ते पाऊस म्हणून मोजतं. असे किती आकडे मी आयुष्यात खोडले असतील! शिवाय मार्चमध्ये एवढा पाऊस? छे.

"पाणी ओतलंय. मार रिजेक्ट," मी म्हणालो.

संध्याकाळी शोभाताईंचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"काका, गडी आज आलाच न्हाई."

म्हणजे डब्याने मोजला तो खराच पाऊस होता. त्यांच्या पुढच्याच गावात त्यांचा भाऊ. त्याचा वर्षाचा कांदा काढून शेतात वाळत पडला होता.

"मीच त्याला म्हनलं व्हतं, डबा माज्याकडं हाय, मेसेज आला की कापड टाक. आभाळ आलेलं त्यानं बघितलं. म्हनला, मेसेज न्हाई म्हंजी वळून जाईल. ताडपत्री घडी घालून शेजारीच ठेवली व्हती, काका."

मी नुसतं "हो" म्हणत राहिलो. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी निखिलला म्हणालो, "आकडा लाल व्हायचं लिमिट वाढव."

"लिमिट जुन्या रेकॉर्डवरून ठरतं, काका. रेकॉर्डमध्ये मार्चचा एवढा पाऊसच नाहीये."

"कालचा घाल ना."

"कालचा आपण रिजेक्ट केला. दिवस लॉक झालाय, आता बदलता येत नाही."

म्हणजे कालचा पाऊस कांद्यावर पडला, आमच्याकडे पडलाच नाही. पुढच्या मार्चमध्ये असाच पडला तर तोही लालच होणार. असे आणखी किती खरे आकडे मी पाणी समजून खोडले, हे आता कोणाला विचारू?

आठवड्याने मी शोभाताईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "डबा उचलून न्या. भाऊ माज्या दारात येत न्हाई."

आम्ही डबा उचलला. सॉफ्टवेअरमध्ये त्या गावाच्या नावापुढे आता शेजारच्या गावांची सरासरी आपोआप भरली जाते. तो आकडा अजून एकदाही लाल झालेला नाही.