खिडकीतलं पोतं

कोणाच्याही घरी गेले की बाबूजी आधी दार लोटत आणि मगच बसत. म्हणत, ‘‘वारं येऊन राहिलं न बापा.’’ पांढुर्ण्याच्या वैशाखातही हेच. बाहेर पान हलत नसे आणि आम्ही घामाने निथळत त्यांच्यासमोर बसून असायचो.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचे हे तहसिलीत बाबू होते, म्हणून बाबूजी. आमची त्यांची भिंत एक. त्यांनी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, काढून पक्कं छत घातलं, गल्लीतलं पहिलं. पण मिस्त्रीला धुराडं काही ठेवू दिलं नाही. त्यांच्या घरच्या काकू चुलीत कापसाची पऱ्हाटी घालत आणि खोकत. डोळे कायम लाल. मी बोललो तर मलाच म्हणाले, ‘‘तुह्यं घर म्हणजे चाळणी हाय गा. त्यात माणसं राह्यतात तरी कशी?’’

‘‘न खोकता राह्यतात,’’ मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो, त्याच हिवाळ्यात त्यांची थोरली नागपूरकडच्या नरखेडहून बाळंतपणाला आली. ‘‘पोरगी परराज्यातून आली, पण तिकीट जुनंच लागलं,’’ असं ते सगळ्यांना हसून सांगत. पोरीवर त्यांचा फार जीव, हे खोटं नाही. मुलगी झाली तर पेढे वाटले, आणि त्या काळात मुलीचे पेढे कोण वाटत होतं?

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतेच. आमच्याकडेही होती. पण आमची हवा कवेलूतून निघून जायची. बाबूजींनी त्या खोलीच्या एकुलत्या खिडकीत पोतं कोंबलं, दाराच्या फटीत चिंध्या भरल्या, आणि निखारे स्वतःच्या हाताने घालत राहिले.

एका दुपारी भिंतीपलीकडून पोरीचा आवाज आला. ‘‘बाबूजी, डोकं लय दुखून राहिलं. गरगरून राहिलं.’’

‘‘अंगात वारं भरलं बाई,’’ ते म्हणाले. ‘‘थांब, शेगडी वाढवतो.’’

मी उठलो, गल्लीतून गेलो आणि खिडकीतलं पोतं ओढून काढलं. आतून जो भपका आला तो अजून नाकात आहे. बाबूजी धावत बाहेर आले.

‘‘पोरगी गुदमरून राहिली, बाबूजी. खिडकी उघडी ठेवा.’’

‘‘तू किती शिकला गा?’’

‘‘चौथी.’’

‘‘मंग ते पोतं दे अन् घरी जाय.’’

त्यांनी माझ्या हातातून पोतं घेतलं आणि पुन्हा कोंबलं. घर त्यांचं, पोरगी त्यांची. सकाळी ती उठली नाही. बाळ रडे म्हणून काकूंनी ते दुसऱ्या खोलीत आपल्याजवळ निजवलं होतं. तेवढं वाचलं.

निखारा लाल झाला की धूर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं खोलीत काही नाही. तुमच्या घरी सून बाळंत असेल तर शेगडी ठेवा की नका ठेवू, पण खिडकी उघडा. कोणी ऐकत नाही. मी सांगतच राहणार.

दिवस झाल्यावर बाबूजी ओट्यावर बसून म्हणाले, ‘‘यानं पोतं काढलं. तेवढ्यात वारं आत शिरलं.’’ एकदाच म्हणाले. गल्लीला तेवढं पुरलं. दाईनेही मान हलवली. पुढे मी दिसलो की बायका बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेत. काकू मात्र माझ्या बायकोशी बोलत, पण विहिरीवर, हळू.

बाबूजी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मीही गेलो नाही. का जाऊ?

ते वारले तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, तुमी राहू द्या.’’ मी बाजूला झालो. जाम नदीपर्यंत मागून चालत गेलो, सगळ्यांच्या बराच मागे. पोरीच्या तिरडीला याच रस्त्याने मी खांदा दिला होता, बाबूजींच्या अगदी मागे चालत. तेव्हा त्यांनी मागे वळून माझा खांदा धरला होता आणि म्हणाले होते, ‘‘दमला असशील, खांदा बदल गा.’’