राहिलेलं नाव

कापसाची दलाली सांभाळून मी पीएच.डी. करायला घेतली, तेव्हा वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात एक ग्रंथपाल होते. मान वर न करता विचारत, "काय पाह्यजे?" विषय सांगितला, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर संदर्भांच्या चिठ्ठ्या तयार. नागपूरहून पुस्तकंही मागवून देत. फक्त हिंगणघाटच्या कापूस बाजाराचा जुना अहवाल घरी नेऊ देईनात.

"दोन दिवस द्या, साहेब."

"नाई."

"बरं, एक दिवस?"

"पानं तुटून राह्यली त्याची. इथंच वाचा, पंखा लावून देतो."

मी भर वाचनालयात आवाज चढवला. त्यांनी उठून पंखा लावला. त्या रागात मी ऋणनिर्देशातून त्यांचं नाव गाळलं.

टाइप केलेला प्रबंध त्यांनी तपासायला मागून घेतला. प्रत्येक तळटीप मूळ पुस्तकाशी ताडून चुकलेले पृष्ठांक पेन्सिलीनं दुरुस्त केले. ऋणनिर्देशाच्या पानावर एवढंच लिहिलं होतं : 'पुस्तकं काढून देणाऱ्या शिपायाचं नाव राहिलं.'

ते मी घातलं. त्यांचं घालायची मात्र लाज वाटली. प्रबंध तसाच बांधला गेला, आणि अजूनही तो उघडला की ते पान मी न वाचता उलटतो.