टिपणीस साहेबांची व्हिंटेज आणि बाबीचा रंग

आमच्या वाकोल्याच्या गॅरेजात एक भिंत होती. बाबी राणे स्प्रे गन हातात घेतली की पहिला फवारा त्या भिंतीवर मारून बघायचा. एकदा मी तिच्यावर कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलो, तर खिळा रंगातच रुतला, भिंतीपर्यंत पोचलाच नाही! आमच्या किस्स्यांचं तसंच झालं. प्रत्येक गाडीचा एक थर. त्यातला सगळ्यात जाड थर अंधेरीच्या टिपणीस साहेबांचा.

मी इंजिनवाला, बाबी रंगवाला. बाबी मालवणकडचा, पत्रा रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टिपणीस साहेब विमा कचेरीत अधिकारी. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून आणलेली मोटारसायकल त्यांच्या वाट्याला आली होती. पंधरा वर्षांची.

"जुनी म्हणू नका हो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "व्हिंटेज म्हणा!"

"मग साहेब, आमचं गॅरेज पण व्हिंटेजच!" बाबी म्हणाला.

*

बाबी पत्र्याला टिचकी मारायचा आणि गाडी किती वेळा आपटलीय ते आवाजावरून सांगायचा. या गाडीच्या टाकीखालची दोन्ही पॅनेलं मात्र प्लास्टिकची. त्याने टिचकी मारली. टप्. पुन्हा मारली. टप्.

"साहेबानू, ह्येका रंग कित्याक व्हयो? घरच्या प्लास्टिकच्या बालदीबरोबर साबणान धुवून काढा!"

साहेबांनी हेल्मेट उचललं आणि निघालेच! मी धावत जाऊन त्यांना परत आणलं, चहा पाजला. "मनावर घेऊ नका. प्लास्टिकचा स्पेशालिस्ट आहे तो," मी ठोकून दिलं.

स्पेशालिस्टने तोवर आयुष्यात प्लास्टिकचं एकच काम केलं होतं. मेव्हण्याचा कंगवा सांधला होता.

*

पत्र्यावरचा जुना रंग काढायला आम्ही एक जहाल औषध लावायचो. रंगाला फोड यायचे, खरवडला की पत्रा लख्ख. बाबीने तेच औषध डाव्या पॅनेलला चोपडलं आणि डबा खायला बसला. हात धुऊन येतो तर पॅनेल बाकड्यावरून खाली ओघळतंय!

नेमका तेव्हाच शेजारच्या दुकानात साहेबांचा फोन. "काय राणे, जुना रंग निघाला का?"

"निघाला साहेब, झकास निघाला! आता फक्त पॅनेल शोधतोय."

कुर्ल्याच्या भंगारात दुसरं मिळेपर्यंत आठ दिवस गेले. त्यानंतर बाबी प्लास्टिकला फक्त पाणी आणि पॉलिश पेपर लावायला लागला, तेही बाळाला आंघोळ घातल्यासारखं.

*

मग प्रश्न आला रंग कुठला. साहेबांना हवा 'ओरिजिनल'. दुकानातून आम्ही लाल रंगाच्या सात छटा आणल्या. साहेब प्रत्येकीला नाक मुरडायचे. "हा टोमॅटो झाला. हा कुंकू झाला. राणे, ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!"

तेव्हा रंगीत टीव्ही नुकते घरोघर येत होते. साहेबांनी पण घेतला होता, त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री झाली होती. शेवटी एका रविवारी विजयी चेहऱ्याने पाकीट घेऊन आले. "हा घ्या पुरावा! मामाने बंदरावर काढलेला फोटो. मी स्वतः गाडीवर बसलोय. यात आहे तस्साच रंग पाहिजे!"

फोटो ब्लॅक अँड व्हाइट.

बाबीने तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाला, "साहेब, ह्यात तुम्ही पण करड्या रंगाचे दिसताय. तुम्हाला पण मारू?"

*

शेवटी बाबीच्या पसंतीच्या लालचा पहिला हात असा काही चमकला की साहेब त्याच दिवशी गाडी घेऊन बोरिवलीला साडूकडे गेले. पांढरी पँट, इस्त्रीची. प्लास्टिकवर रंग धरायला आधी वेगळा अस्तर-रंग द्यावा लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उन्हात पॅनेल तापलं, साहेबांची मांडी घासली आणि रंग सालपटासारखा सुटून पँटला चिकटला.

साडूने दार उघडलं, आधी साहेबांकडे बघितलं, मग गाडीकडे. म्हणाला, "नेमकं काय रंगवायला दिलं होतंस?"

*

दुसऱ्या खेपेला अस्तर दिलं, रंग दिला, सगळं फर्मास. तेवढ्यात शेजारच्या गादीवाल्याने कापूस पिंजायला घेतला! ओल्या लालवर बारीक बारीक तंतू येऊन बसले. बाबीने कपाळावर हात मारला. "वाट लागली रे!"

साहेब आले, वाकून बघत राहिले. "वा! आतून काय चमक आहे! इम्पोर्टेड फिनिश ना हे?"

बाबीने घाईघाईने मान डोलावली.

आठवड्याने साहेबांचे एक मित्र स्कूटर घेऊन हजर. "मला पण टिपणीससारखं फिनिश पाहिजे."

बाबी शांतपणे बाहेर गेला आणि गादीवाल्याला विचारून आला, "चाचा, अगला गद्दा कब पिंजनेका है?"

*

नंतर मुलुंडला एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. साहेबांनी नाव दिलं. आणि आदल्या संध्याकाळी एक रिक्षा उजव्या पॅनेलला घासून गेली! साहेब रडवेले होऊन गॅरेजात आले. बाबीने ते पॅनेल काढून ठेवून घेतलं. सकाळी सहाला येऊन पॅनेल घासलं, अस्तर दिलं, रंग मारला आणि मैदानावर गाडीला स्वतःच्या हाताने बसवलं. मग घरी जाऊन आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन परत आला. आपलं काम असं मांडून ठेवलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. वहिनींना सांगत होता, "ता बघ. ता माझा."

परीक्षक आले. सुटाबुटातले. भिंग काढून टाकी बघितली, पॅनेलं बघितली. साहेबांना विचारलं, "रिपेंट?"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं नाही. "छे छे! कारखान्यातून निघाला तो रंग. कोणाचा हात लागू दिलेला नाही."

वहिनींनी बाबीकडे बघितलं. बाबी जमिनीकडे बघत होता.

अर्ध्या तासाने माइकवर घोषणा झाली. मूळ रंग जसाच्या तसा जपल्याबद्दल पहिलं बक्षीस, श्री. टिपणीस! टाळ्या. हार. साहेब कप घेऊन गाडीशेजारी उभे राहिले. फोटोसाठी गर्दी झाली, तसा बाबी पण नकळत पुढे सरकला आणि उजव्या पॅनेलजवळ वाकला.

परीक्षक ओरडले, "ओ, मागे व्हा! हात लावू नका. दुर्मीळ रंग आहे तो!"

बाबीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाला, "हात लावणंय नाय साहेब. सकाळीच मारलंय, अजून सुकूक नाय!"