गुरुजींनी अजून मान वर केली नाही

माझ्या सासूबाई, तोकिए, सदुसष्टाव्या वर्षी तलवार शिकायला लागल्या. उत्तर जपानमधल्या आमच्या अकिताच्या बर्फात जाणार कुठे? म्हणून दर रविवारी सकाळी टॅबलेटसमोर उभ्या, आणि पलीकडे दूर कुमामोतोला कुसाकाबे गुरुजी. सहा महिने लाकडी तलवार चालली. गेल्या रविवारी सासूबाईंनी माझ्या दिवंगत सासऱ्यांची तलवार पहिल्यांदा बाहेर काढली.

शिकवणी संपली की दोघं बसून, वाकून नमस्कार करतात. गुरूने मान वर केल्याशिवाय शिष्याने करायची नाही.

त्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर सासूबाई जमिनीला कपाळ टेकून निपचित.

"आई! काय झालं?"

"ओरडू नकोस गं. गुरुजी अजून वाकलेत."

गुरुजी वाकलेले होते खरे, पण त्यांच्यामागच्या घड्याळाचा सेकंदकाटाही हलत नव्हता.

"अहो, नेट गेलंय! कधीपासून अशा आहात?"

"पाय बधिर झाले, त्याच्या आधीपासून."

मी कपाळावर हात मारला, तोच फोन वाजला. गुरुजींची बायको होती. "अगं, सासूबाई बऱ्या आहेत ना? आमचे हे वीस मिनिटं वाकून बसलेत. म्हणतात, आज नवऱ्याची तलवार हातात घेतली तिने, रडत असेल. तिला तशी सोडून मी कसा उठू?"

"त्यांना उठवा हो आधी!" मी म्हटलं, आणि सगळं आईंना सांगितलं.

"रडतंय कोण इथे?" त्या फणकारल्या.

नेट आलं. गुरुजी ताठ बसलेले दिसले. आईंनी मात्र मान वर केली नाही.