पुढची शीर

सकाळी उठलं की मिस्त्री आधी उजवा गुडघा जमिनीला टेकायचा, मग डावा, आणि बोटाच्या पेरानं फरशी वाजवत स्वयंपाकघरभर सरकायचा. खाली भरीव असेल तर आवाज दबका येतो, पोकळ असेल तर मोकळा. ही फरशी त्यानंच बसवलेली, तरी रोज तपासायची.

"अहो, लोकांच्या घरी रांगून मन भरत नाही का?" बायको म्हणायची. "व्हा बाजूला, दूध उतू जाईल."

तिच्या भावाचं रंगाचं दुकान होतं. मिस्त्रीनं तिथं गल्ल्यावर बसावं म्हणून ती केव्हाची मागे लागली होती. तो हसण्यावारी न्यायचा.

टेम्पोतून फरशीची पेटी उतरवताना पाय पिळवटला आणि उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मशीनमध्ये फोटो काढायला त्याला आत नेलं, तेवढ्या वेळात डॉक्टरांनी बायकोला सगळं समजावलं. घरी आल्यावर तिनं त्याला सांगितलं. तुटलेल्याच्या जागी दुसरी शीर ओवायची, ती कुठली घ्यायची ते ठरवायचं.

"एक तर मेलेल्या माणसाची."

"नको गं. पाय त्याच्या घराकडे वळायला लागला तर?"

ती हसली. "नाहीतर तुमचीच, मांडीच्या मागची. पण ती धरायला वेळ लागतो, सैलही पडू शकते. नाहीतर पुढची, वाटीखालची. तिच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा येतो. हाडात हाड लवकर मुरतं."

"आणि काढली तिथं?"

"भरून येतं," ओटा पुसता पुसता ती म्हणाली.

"मग पुढचीच. काम पक्कं हवं."

ऑपरेशनआधी सहीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका? मिस्त्री म्हणाला, "हिनं सांगितलंय सगळं."

गुडघा खरंच पक्का झाला. जिने चढला, ओझं पेललं. फक्त टेकवला की वाटीखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. त्यानं उशी घेऊन पाहिलं, गादीचा तुकडा बांधून पाहिलं. वर्ष सरत आलं तरी निखारा विझेना. शेवटी तो बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेला.

"पण तुम्हाला टेकायचं कशाला?" डॉक्टर गोंधळले. "तुम्ही दुकानात बसता ना? पुढची शीर घेतली की काहींना टेकताना दुखत राहतं, हे मी यांना तेव्हाच म्हटलं होतं. फरशीचं काम करता हे कळतं, तर मागचीच सुचवली असती."

बायको पर्सची चेन उघडत, लावत बसली.

घरी आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "का?"

"तुमचे वडीलही फरशीवालेच. शेवटी रांगत मोरीपर्यंत जायचे. त्यांचं मी केलं. पुन्हा तेच नव्हतं बघवणार मला."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर मागची घेतली असतीत."

"हो. घेतली असती."

ओटा पुसतानाचा तिचा आवाज त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. दबका, भरीव. कुठंही पोकळ वाजला नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून तो मेव्हण्याच्या गल्ल्यावर बसायला लागला. पहिल्या सकाळी डबा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि उभ्याउभ्याच टाचेनं जमीन ठोकली. थोडं सरकून पुन्हा ठोकली. मग डबा उचलून दाराशी गेला.

"ओट्याखालची एक पोकळ झालीय," तो म्हणाला. "कुणी चांगला फरशीवाला असेल तर बघ."