बाईचं ऐकते कोण

मनकर्णाबाई पंचायत समितीच्या दफ्तरात कारकून म्हणून लागली ती एकविसाव्या वर्षी. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथकडच्या त्या गावांत तेव्हा मॅट्रिक झालेली मराठी बाई शोधून सापडत नव्हती, आणि तेलगू लिहिणारी तर नव्हतीच. दफ्तराचा कारभार तेलगूत, गावं मराठी. म्हणून विहिरीचं काम असो, विधवेची पेन्शन असो, जमिनीच्या पहाणीत नाव चढवायचं असो, माणसं आधी तिच्या टेबलाशी येत. ती मराठीत ऐकून घेई आणि तेलगूत लिहून देई. अशी बावीस वर्षं गेली.

मग समित्या मोडून त्यांच्या जागी लहान लहान मंडलं झाली आणि सत्त्याऐंशी साली मंडल अध्यक्षाची पहिली निवडणूक लागली. अध्यक्ष लोकांनी थेट मतानं निवडायचा होता. त्याच सुमारास करंजखेडच्या नाल्यावरच्या रपट्याची, म्हणजे बुटक्या पुलाची, फाईल तिसऱ्यांदा परत आली. पावसाळ्यात तिथून एक बाळंतीण बैलगाडीसकट वाहून जाता जाता वाचली होती. फाईलवर वरून काय विचारलं आहे ते मनकर्णाबाईनं दफ्तरातल्या साहेबांना दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, हे वरच्या माणसांचं काम आहे. तुम्ही टायपिंग करा."

महिनाभर तिनं घरात कोणाला काही सांगितलं नाही. मग मुदतीआधीच नोकरी सोडून दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी उभी राहून राह्यली."

नवऱ्याचं नाव खुशाल, तो बाजारात शिलाईचं दुकान चालवायचा. अबोल माणूस. मशीनचं चाक हातानं थांबवून तो म्हणाला, "राह्य. पण मले भाषण कराले लावू नको."

जातीचा हिशोब तिनं मनाशी आधीच मांडून ठेवला होता. बौद्धवस्तीतल्या बाईला कुठल्या गावात किती मतं पडतील, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिचा हिशोब चुकला तो दुसरीकडे.

पहिल्या गावात ती खुशालला घेऊन गेली. पारावरच्या माणसांनी खुशालला तंबाखू दिली, खुशालला बसायला घोंगडी टाकली, आणि त्यालाच विचारलं, "काऊन जी, तुमीच उभं राहाचं ना. बाईले काऊन पुढं केलं?" मनकर्णाबाई रपट्याबद्दल बोलली, तरी माणसं मान डोलावत होती ती खुशालकडे पाहून. म्हणून पुढच्या गावात ती एकटीच गेली. तिथं बाया एकमेकींच्या कानात कुजबुजल्या, "नवरा संगं नाही. पटत नसन."

एका गावात ती ठणकावून बोलली. दुसऱ्या दिवशी बाजारात कानावर आलं, बाई भांडखोर आहे, हाताखालच्या माणसांना जगू देणार नाही. मग ती हळू बोलली, तर मागून कोणी ओरडलं, "आवाज निघत नाही, हैदराबादले जाऊन काय बोलन?" नवं लुगडं नेसली तर मिरवते, जुनं नेसली तर अध्यक्षासारखी दिसत नाही. पंधरा दिवसांत तिनं बत्तीस गावं पायाखाली घातली. रात्री पाय चेपताना खुशाल विचारायचा, "काय म्हणते लोक?" आणि ती म्हणायची, "काई नाही. पाणी दे."

समोर पांडुरंगराव होते. साठ एकरांचे धनी, माणूस वाईट नव्हता. त्यांना तेलगूचं अक्षर येत नव्हतं. एका सभेत मनकर्णाबाईनं ते बोलून दाखवलं, तर लोक हसले. "त्याईले काय करा लागते? माणूस ठेवतीन एखादा."

सगळ्यात जास्त लागलं ते द्वारकाबाईचं. दोघी एका वस्तीतल्या, एका विहिरीवर पाणी भरून वाढलेल्या. द्वारकाबाईचा नवरा गेला तेव्हा मनकर्णाबाईनं तिची पेन्शन करून दिली होती, त्यासाठी आदिलाबादला चार चकरा मारल्या होत्या. मतदानाच्या तीन दिवस आधी ती द्वारकाबाईला गाठायला कापसाच्या वावरात गेली. द्वारकाबाई ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मत देशीन ना?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"खोटं नाही बोलत तुह्याशी. रावाले देऊन राह्यली मी."

"काऊन? माह्यात काय कमी हाय?"

"कमी नाही व." द्वारकाबाई आता तिच्याकडे पाहत होती. "मंडलात तुह्यावाणी हुशार कोणी नाही. पण उद्या माह्या पोराले पोलिसानं धरून नेलं, तर तू येशीन. पह्यली तूच येशीन. पण तिथं तुह्यं ऐकते कोण? रावाची जीप दारात उभी राह्यली, तर फौजदार खुर्चीवरून उठते."

"तुमी समद्या मले मत देसान तर माह्यासाठीही उठन तो."

"समद्या देतीन का? माह्यं एकटीचं वाया जाईन."

मनकर्णाबाईनं पदर खोचला. ती तासभर तिच्याबरोबर कापूस वेचत राहिली. निघताना द्वारकाबाईनं तिला भाकर आणि ठेचा बांधून दिला.

ती पडली. चौघांत तिसरी आली. तिच्या स्वतःच्या वस्तीच्या पेटीतसुद्धा पांडुरंगरावांची मतं जास्त निघाली. निकालानंतर निवडून आलेले राव स्वतः तिच्या दारात आले, चहा घेतला आणि मनापासून म्हणाले, "बाई, तुमी माणूस असत्या तर मी पडलो असतो." त्यांना वाटलं, आपण तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, "साखर घालू का अजून?"

नोकरी गेली होतीच. खुशालच्या दुकानात बसून ती काज-बटनं करू लागली. अर्ज लिहून घ्यायला माणसं आता तिथं यायची.

आठ वर्षांनी कायदा बदलला. आता लोकांनी सभासद निवडायचे आणि सभासदांनी अध्यक्ष. तिची वस्ती ज्यात येत होती ती करंजखेडची सभासदाची जागा बायांसाठी राखीव झाली आणि अध्यक्षपदही बाईलाच जाणार होतं. राखीव जागांची चिठ्ठी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीतले वडीलधारे दादाजी आणि आणखी दोघं दुकानात आले. मनकर्णाबाईनं हातातली सुई ठेवली. मांडीवरची बटनं बाजूला सारून तिनं तिघांना बसायला घोंगडी टाकली.

"बाई, जागा बायाची झाली," दादाजी म्हणाले.

"ऐकलं."

"म्हणून आलो. पांडुरंगरावाची बायको, आशाबाई, तिचा फारम भराचा हाय. तेलगूत हाय समदा. तुह्याशिवाय कोण भरन?"

खुशालचं मशीन थांबलं. मनकर्णाबाईनं फॉर्म हातात घेतला. मग म्हणाली, "तिनं कदी गावाची वेस ओलांडली का, दादाजी?"

"तिले काय करा लागते? मांगं राव हायत ना."

तिनं फॉर्म भरून दिला. हस्ताक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं. ते गेल्यावर ती खुशालला म्हणाली, "त्या आशाबाईले काय जमते? चूल अन् गोठा. बाईमाणसाले..." आणि तिथंच थबकली. तिनं सुई उचलली. दोरा ओवता ओवता ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी बी तेच बोलून राह्यली."

मतदानाला ती गेली. शिक्का आशाबाईच्या चिन्हापुढेच मारला. कशाची आशा होती म्हणून नव्हे. कोणाच्या विरोधात जायची ताकद उरली नव्हती म्हणूनही असेल.

आशाबाई सभासद झाली आणि अध्यक्षही झाली. सभेत पांडुरंगराव तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत, साहेब त्यांच्याशीच बोलत. पण एका मंगळवारी भरदुपारी आशाबाई एकटीच मनकर्णाबाईच्या घरी आली. डोक्यावर पदर, पायांना धूळ. जीप तिनं लांब सोडली होती.

"बाई, मले तेलगू अक्षरं शिकवता का? समदे माह्या समोर बोलतात, अन् मी भिताडावाणी बसून राह्यते."

मनकर्णाबाईला खरं तर नाही म्हणायचं होतं. तिची कंबर दुखत होती, मन त्याहून जास्त विटलं होतं. तरी तिनं पाटी शोधून काढली.

आशाबाई तीन मंगळवार आली. पोर भराभरा अक्षरं गिरवते तशी नाही, दात चावून, घाम गाळत. तिसऱ्या मंगळवारी तिनं स्वतःच्या गावाचं नाव वाचलं आणि खुदकन हसली. चौथ्या मंगळवारी ड्रायव्हर निरोप घेऊन आला, रावसाहेब म्हणतात बाईला आता वेळ नाही.

पुढे बोथच्या बाजारात जीप दिसली. आशाबाईनं आतून हात केला आणि म्हणाली, "येईन जी एखांद्या दिवशी." मनकर्णाबाई म्हणाली, "ये." जीप निघून गेली. तिनं दोऱ्याची रिळं पिशवीत भरली आणि ऊन टाळायला भिंतीच्या कडेनं चालत मोटारीच्या थांब्याकडे निघाली.